रांगेत मूल मोठं होतं

गेल्या रविवारी कराडला एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्हीच ना ते, ज्यांनी मुलगी दत्तक घेतलीय? आमच्या भाच्याला घ्यायचंय. साडेतीन वर्षं झाली नाव नोंदवून. सरकारनं एवढं अवघड का करून ठेवलंय हो? इकडं अनाथाश्रम भरून वाहतायत आणि तिकडं लोक मूल द्या, मूल द्या म्हणून रडतायत."

मी काही बोलायच्या आत ते जरा जवळ सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "एका दवाखान्यात होतंय म्हणे काम. अडीच लाखांत. जन्मदाखला पण थेट आपल्याच नावाचा. करावं का?"

"अजिबात करू नका," एवढंच मी म्हणालो. तेवढ्यात जिलेबी आली आणि विषय राहिला. पण त्यांचा पहिला प्रश्न खरा होता, आणि पहिल्या प्रश्नाला नीट उत्तर मिळत नाही म्हणूनच दुसरा प्रश्न निर्माण होतो. म्हणून इथे लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा. घरात, नात्यात, ऑफिसात कुणीतरी असं जोडपं असतंच.

आधी ते फॉरवर्ड. "भारतात तीन कोटी अनाथ मुलं आहेत आणि तरी दत्तक घ्यायला मूल मिळत नाही, धन्य ते सरकार!" दर दोन महिन्यांनी कुणीतरी पाठवतं. हा तीन कोटींचा आकडा युनिसेफच्या अंदाजांवरून आला आहे, आणि युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा वडील यांपैकी एक जण गेला असला तरी ते मूल अनाथ धरलं जातं. म्हणजे नवरा गेल्यावर शेतात राबून पोरं वाढवणाऱ्या आपल्या गावातल्या बाईची पोरंही त्यात मोजली आहेत. ती पोरं दत्तक द्यायची आहेत का? त्यांना आई आहे. त्यांना दत्तकाची नाही, आईच्या हातात चार पैसे येण्याची गरज आहे. तेव्हा तीन कोटी हा आकडा या चर्चेतून आधी काढून टाका.

खरे आकडे असे. देशात दत्तक देण्याचं सगळं काम 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या देखरेखीखाली चालतं. ऑगस्ट २०१५ पासून नोंदणी एकाच ऑनलाइन पोर्टलवर होते. २०२५ च्या मध्याला या पोर्टलवर नाव नोंदवून थांबलेले पालक होते ३६ हजारांच्या वर. आणि कायद्याने दत्तक देता येतील अशी मुलं? २,६०० च्या आसपास. त्यातही बरीचशी वयाने मोठी, भावंडांसह असलेली किंवा आजार-अपंगत्व असलेली. सरासरी थांबायचा काळ साडेतीन वर्षं.

एका मुलामागे चौदा घरं. हे वाचून कुणालाही वाटेल की देशात सोडून दिलेली मुलंच कमी झाली असतील, चांगलंच आहे की. काही प्रमाणात ते खरंही असेल. पण सगळं खरं नाही. संसदेच्या स्थायी समितीचा ऑगस्ट २०२२ चा अहवाल काढून बघा. त्यात म्हटलंय की संस्थांमध्ये अनाथ, टाकून दिलेली किंवा आईवडिलांनी स्वाधीन केलेली, म्हणजे दत्तक जाऊ शकतील अशी ६,९९६ मुलं होती. त्यांतली बाल कल्याण समित्यांनी दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित केलेली होती २,४३०.

उरलेली साडेचार हजार मुलं कुठे होती? होती तिथेच. पाळण्यात, सतरंजीवर, संस्थेच्या दारात. फक्त त्यांच्या फाईलवर सही झाली नव्हती.

मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. दत्तक घेणं अवघड आहे ते पालकांना भरायला लागणाऱ्या फॉर्ममुळे नाही. अडलेलं आहे ते मुलाच्या फाईलपाशी. आपण रांगेत उभ्या असलेल्या आईबापांबद्दल हळहळतो. पण खरी रांग मुलाची आहे. आईबाप रांगेत तीन वर्षं थांबले तर तीन वर्षांनी म्हातारे होतात, एवढंच. मूल तीन वर्षं थांबलं तर त्याचं बाळपण संपतं, आणि मग त्याला कुणी घेत नाही.

आता स्वतःचं सांगतो. माझ्या मुलीची गोष्ट मी सांगणार नाही. ती तिची आहे, तिला वाटलं तर मोठी झाल्यावर ती सांगेल. तिच्या फाईलची गोष्ट मात्र सार्वजनिक पैशांनी चाललेल्या यंत्रणेची आहे, ती मी सांगणार. जिल्ह्याचं, संस्थेचं नाव घेत नाही.

ती संस्थेत आली फेब्रुवारी २०१६ मध्ये. वय दीड वर्ष. नवीन बाल न्याय कायदा महिनाभर आधीच लागू झाला होता. त्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की दोन वर्षांपर्यंतचं मूल समितीपुढे आणल्यापासून दोन महिन्यांत, आणि त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत, चौकशी पुरी करून ते दत्तकासाठी मुक्त आहे की नाही हे ठरवायचं. म्हणजे एप्रिल २०१६ पर्यंत निर्णय व्हायला हवा होता. झाला नोव्हेंबर २०१९ मध्ये. तिचं वय तेव्हा सव्वापाच.

दोन महिन्यांचं काम पंचेचाळीस महिन्यांत झालं.

का? मी विचारलं. भांडून नाही, साधेपणाने विचारलं, कारण तोवर ती घरी आली होती आणि आम्हाला आनंदच इतका होता की भांडायला जागा नव्हती. उत्तर असं मिळालं की पालक मिळून येत नसल्याचा पोलीस ठाण्याचा अहवाल यायचा होता. तो यायला वर्ष गेलं. अहवाल आला तोवर जुन्या समितीची मुदत संपली होती आणि नवीन समिती नेमली गेली नव्हती. नवीन समिती आली तिने पुन्हा पहिल्यापासून चौकशी मागवली. मधल्या काळात तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाली होती. कुणी वाईट वागलं का? नाही. प्रत्येकाने आपापल्या टेबलावर आपापलं काम "नियमानुसार" केलं. कुणालाही काही शिक्षा झाली नाही, कारण कुणी गुन्हाच केला नव्हता. फक्त एका लेकराची पावणेचार वर्षं गेली.

आम्ही पोर्टलवर नाव नोंदवलं ऑगस्ट २०१७ मध्ये. तेव्हा ती तीन वर्षांची होती. आम्ही घरात बसून मोबाईलवर रोज आपला क्रमांक किती पुढे सरकला ते बघत होतो, आणि ती आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर होती. पोर्टलच्या लेखी ती नव्हतीच.

हे एकट्या तिचंच नाही. संस्थांत जाऊन बघा. मुलाच्या फाईलवर शेरा असतो, "नातेवाईक आहेत." कोण नातेवाईक? वर्ष-दीड वर्षापूर्वी कुणी लांबची मावशी येऊन वहीत सही करून गेलेली असते. ती पुन्हा येत नाही, पण त्या सहीमुळे मूल दत्तकाला जात नाही आणि घरीही जात नाही. मूल एका जिल्ह्यात सापडतं, संस्था दुसऱ्या जिल्ह्यात, पोलीस ठाणं तिसऱ्या तालुक्यात. पत्रव्यवहार चालू राहतो. संस्थेला अनुदान मुलांच्या संख्येवर मिळतं, म्हणजे मूल बाहेर पडण्याची घाई असण्याचं व्यवस्थेत कारणच ठेवलेलं नाही. चांगल्या संस्था आहेत, जीव तोडून पाठपुरावा करणाऱ्या समाजसेविका आहेत, मी त्यांना ओळखतो. पण व्यवस्था चांगल्या माणसांच्या भरवशावर सोडली की चांगला माणूस बदलीवर गेला की ती बंद पडते.

बाल कल्याण समिती म्हणजे काय हेही बहुतेकांना माहीत नसतं. अध्यक्ष आणि चार सदस्य, जिल्ह्याची समिती, कायद्याने तिला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याच्या खंडपीठाचे अधिकार. हरवलेली मुलं, बालविवाह, घरातून पळालेल्या मुली, अत्याचाराची प्रकरणं, सगळं त्यांच्याच पुढे. पूर्णवेळ पगार नाही, बैठकीमागे भत्ता. मुदत तीन वर्षांची. मुदत कधी संपणार हे नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असतं, तरी नवीन नेमणूक वेळेवर होईल याची खात्री नाही. तोवर शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे कारभार. आमदारांच्या नेमणुकीची मुदत संपली आणि निवडणूक वर्षभर झाली नाही तर आपण किती ओरडतो! इथे ओरडणार कोण? दोन वर्षांचं पोर?

सर्वोच्च न्यायालयापुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये हा विषय आला तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. देशातल्या ७६० जिल्ह्यांपैकी विशेष दत्तक संस्था फक्त ३९० जिल्ह्यांत होत्या. म्हणजे जवळपास निम्म्या देशात दत्तक द्यायचं दुकानच उघडलेलं नाही. न्यायालयाने राज्यांना सांगितलं की बालगृहांमधली अशी मुलं शोधायला दर दोन महिन्यांनी मोहीम घ्या. बघा, जे काम कायद्याने रोजचं होतं त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला मोहीम काढायला सांगावी लागली.

आपला महाराष्ट्र या कामात देशात पहिल्या क्रमांकावर आहे, हे अभिमानाने सांगायला हवं. पंढरपूरला आणि पुण्या-मुंबईला टाकलेल्या बाळांना सांभाळणाऱ्या संस्थांची परंपरा दीडशे वर्षांची आहे. पण पहिला क्रमांक कशात? २०२४-२५ मध्ये सगळ्या देशात मिळून दत्तक गेली ४,५१५ मुलं. गेल्या दहा वर्षांतला हा उच्चांक म्हणून सांगितला गेला. आणि २०१०-११ मध्ये, पोर्टल नव्हतं, स्मार्टफोन नव्हते, तेव्हा देशातल्या देशातच दत्तक गेलेली मुलं होती ५,६९३. वर्गात सगळे नापास झाले असताना पहिला आलेल्याने पेढे किती वाटायचे?

आता इथे एक धोका आहे. हे सगळं वाचून कुणी म्हणेल, "मग काढून टाका ना हे नियम. ज्याला मूल नको त्याने द्यावं, ज्याला हवं त्याने घ्यावं, मध्ये सरकार कशाला?" लग्नातल्या त्या गृहस्थांचा दवाखाना हेच म्हणतो.

नियम का आले ते विसरू नका. पोर्टल येण्याआधी संस्थाच पालक निवडत. ओळखी चालत, देणग्या चालत. पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१० मध्ये सीबीआयची चौकशी लागली, ती याच प्रकारांसाठी. गरीब आईकडून कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि मूल परदेशी पाठवायचं, असले आरोप देशभरातल्या संस्थांवर झालेले आहेत. कोविडमध्ये, २०२१ ला, आठवतंय ना? "दोन दिवसांची मुलगी, आईवडील कोविडने गेले, कृपया या नंबरवर संपर्क करा." आपणच डोळ्यांत पाणी आणून ते पुढे ढकलत होतो. तो मुलं विकण्याचा सापळाही असू शकतो, हे बाल हक्क आयोगाने जाहीरपणे सांगेपर्यंत आपल्या डोक्यातही आलं नाही.

म्हणून त्या गृहस्थांना आणि त्यांच्या भाच्याला जाहीर उत्तर. बाल न्याय कायद्याचं कलम ८०: ठरलेली पद्धत सोडून असं मूल घेतलं किंवा दिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. कलम ८१: मूल विकलं किंवा विकत घेतलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखाचा दंड. दवाखान्यातल्या माणसाने केलं तर तीन ते सात वर्षं. पण कायद्याचा धाक बाजूला ठेवा. अडीच लाख देऊन घेतलेलं बाळ उद्या पोलीस घेऊन जातील तेव्हा ते तुम्हाला "आई" म्हणत असेल. आणि खोट्या जन्मदाखल्यावर वाढलेलं मूल वीस वर्षांचं झाल्यावर "मी कुठून आलो" असं विचारेल तेव्हा तुमच्याकडे सांगायला काय असेल? एका दवाखान्याचं नाव आणि एक रक्कम.

"शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलंय" म्हणणारेही भेटतात. त्याला कायद्यात किंमत नाही. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा आहे, त्याखाली ओळखीच्या, नात्यातल्या कुटुंबातून थेट दत्तक घेता येतं, पण त्यालाही अटी आहेत आणि दस्त रीतसर नोंदवून घ्यावा. वकिलाला विचारा, एजंटाला नाही. आणि कुणी सांगत असेल की दत्तक फक्त हिंदूंनाच, तर तेही चूक. बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

काही नियम तर मुद्दामच सावकाश आहेत आणि ते तसेच राहायला हवेत. एखाद्या आईने मूल समितीच्या स्वाधीन केलं तर तिला विचार बदलायला दोन महिने मिळतात. हे दोन महिने कापू नका. बाळंतपणानंतर आठवडाभरात घाबरून, घरच्यांच्या दबावाने घेतलेला निर्णय फिरवायची संधी तिला मिळालीच पाहिजे. पैशांअभावी मूल सोडावं लागणं हा तर आपल्या सगळ्यांचा पराभव आहे. राज्याची बालसंगोपन योजना आहे, एक पालक असलेल्या मुलांसाठी महिना २,२५० रुपये. ते वेळेवर मिळाले तर कितीतरी मुलं संस्थेत यायचीच नाहीत. दत्तकाचा आकडा वाढवण्यासाठी गरिबाच्या घरातून मूल उचलायचं नाही. जी मुलं आधीच संस्थेत आहेत, ज्यांना खरोखर कुणी नाही, त्यांच्या फाईलीवर वेळेत सही करायची. मागणी एवढीच आहे.

सरकारनेही सुधारणा केल्या, नाही असं नाही. पण कुठे केल्या बघा. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचा ठरला, १ सप्टेंबर २०२२ पासून. मग आधीच न्यायालयांत असलेल्या प्रकरणांचं काय, यावर गोंधळ. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ती प्रकरणं वर्ग करायला अंतरिम स्थगिती द्यावी लागली. सुधारणा चांगली की वाईट यावर वकील भांडोत. माझा मुद्दा वेगळा आहे. हा आदेश शेवटच्या टप्प्यातला. मूल तोवर पालकांच्या घरी आलेलं असतं. पाणी वरच्या टाकीतच अडलंय आणि आपण खालचा नळ बदलतोय.

दुसरा नमुना. २०१७ मध्ये प्रसूती रजेचा कायदा सुधारला आणि दत्तक घेणाऱ्या आईलाही बारा आठवड्यांची रजा दिली. टाळ्या. अट काय घातली? बाळ तीन महिन्यांच्या आतलं हवं. आता हिशोब करा. स्वाधीन केलेल्या बाळासाठी दोन महिने आईला विचार करायला. टाकलेल्या बाळासाठी चौकशीचे दोन महिने. मग पोर्टल, मग पालकांची भेट, मग कागद. तीन महिन्यांच्या आत बाळ घरी येणार कुणाच्या? हा कायदा लिहिणाऱ्याने दुसऱ्या खात्याचा कायदा उघडूनही बघितला नव्हता.

सरकारला बोलून झालं. आता आपल्याकडे वळू, कारण निम्मा दोष आपला आहे, आणि इथे मी स्वतःलाही सोडत नाही.

नोंदणी करताना पोर्टल विचारतं, मूल किती वयाचं हवं? आम्ही लिहिलं, शून्य ते दोन. का? कारण सगळे तेच लिहितात. "लहान असलं की लळा लागतो." "मोठ्या मुलाला सगळं आठवत असतं." "संस्कार आपले व्हायला हवेत." पाच वर्षांच्या पोराचे असे काय संस्कार होऊन बसलेले असतात हो? दोन वर्षं थांबल्यावर, बायकोच्या आग्रहाने, आम्ही वयाचा रकाना बदलला. त्यानंतर फार थांबावं लागलं नाही. म्हणजे मुलीची फाईल वेळेत सरकली असती तरी ती आम्हाला मिळाली नसती, कारण आम्ही रकान्यात तिला जागाच ठेवली नव्हती. पोलीस ठाण्याने तिची पावणेचार वर्षं घालवली, दोन आम्हीही घालवली.

छत्तीस हजार पालकांतल्या बहुतेकांना हवं असतं ते दोन वर्षांच्या आतलं, ठणठणीत बाळ. मुली नको असतात असं मात्र नाही. दत्तक जाणाऱ्यांत मुलीच जास्त, हे आपल्या समाजाबद्दल सांगण्यासारखं थोडं चांगलं. पण ओठ फाटलेलं असलं, हृदयाला छिद्र असलं, एक पाय लंगडत असला, की नकार. वय सहा असलं की नकार. दोन भावंडं एकत्र असली की नकार. मग देशात कुणी घेतलं नाही म्हणून ती मुलं परदेशी पालकांसमोर ठेवली जातात आणि तिकडचं कुणीतरी येतं, शस्त्रक्रिया करून घेतं, मुलाला मराठी येतं म्हणून चार शब्द शिकून येतं आणि घेऊन जातं. २०२२-२३ मध्ये अशी परदेशी गेलेली मुलं ४३१. विमानतळावर आपण त्या गोऱ्या बाईकडे आणि सावळ्या पोराकडे कौतुकाने बघतो. कौतुक कसलं? आपण नको म्हटलेलं मूल आहे ते.

आणि घेतलेलं मूल परत आणून सोडणारेही आहेत. "जमत नाही", "ऐकत नाही", "सासूबाईंना पटत नाही". मोठ्या मुलांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण मोठं मूल घरी आल्यावर पहिले सहा महिने परीक्षा बघतं. आमचीही बघितली. रात्री पोळ्या उशीखाली लपवायची. आम्हाला कुणीही आधी सांगितलं नव्हतं की असं होतं आणि ते थांबतं. घर तपासायला येतात तेव्हा पगाराची स्लिप बघतात, खोल्या मोजतात. मूल घरात रुजताना मात्र तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक शोधून सापडत नाही.

दत्तक हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. साताऱ्याचं राज्यच १८४८ मध्ये दत्तक नामंजूर म्हणून गेलं. पण तो दत्तक गादीसाठी होता. वंशाला दिवा हवा म्हणून, पाणी सोडायला कुणी हवं म्हणून, आपल्याच भावकीतला मुलगा बघून. त्यात मूल घराण्यासाठी असायचं. आपल्या मनातला दत्तक अजून तोच आहे, फक्त गादीऐवजी दोन बीएचके आलाय.

दुसराही दत्तक आपल्याच मातीतला आहे. सावित्रीबाई आपल्या नायगावच्या, जोतिरावांचं मूळ गाव आपलं कटगुण. त्यांनी पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तिथे एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा पदरात घेतला. यशवंत. ना जात बघितली, ना कूळ. जोतिराव गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भावकीने वाद घातला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात धरलं असं सांगतात. तो यशवंत डॉक्टर झाला आणि प्लेगच्या साथीत आईबरोबर उभा राहिला. दरवर्षी ३ जानेवारीला नायगावला जाऊन फोटो टाकणाऱ्यांनी हेही जरा आठवावं. मुलासाठी घर, घरासाठी मूल नव्हे, हे त्या दोघांनी दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं.

तर आता करायचं काय? मोर्चा नको. चार प्रश्न विचारायचे आहेत, माहितीच्या अधिकारात, आपापल्या जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयाला. दहा रुपयांचा अर्ज.

एक. जिल्ह्यातल्या संस्थांमध्ये आज किती मुलं आहेत, आणि त्यांपैकी गेल्या वर्षभरात एकही नातेवाईक भेटायला न आलेली किती?

दोन. त्यांपैकी किती मुलांच्या बाबतीत दोन किंवा चार महिन्यांची मुदत उलटून गेली आहे, आणि फाईल कुणाच्या टेबलावर आहे?

तीन. पालक मिळून येत नसल्याचे किती अहवाल कुठल्या पोलीस ठाण्यांकडे थकले आहेत?

चार. बाल कल्याण समितीची मुदत कधी संपते आणि नवीन नेमणुकीची प्रक्रिया सुरू झाली आहे का?

मुलांची नावं मागू नका, ती देताही येत नाहीत. फक्त आकडे मागा. आकडे आले की ते आमदारांच्या हातात द्या आणि म्हणा, रस्त्याइतकंच याच्यावरही अधिवेशनात विचारा. जिल्हाधिकाऱ्यांनी महिन्याच्या आढावा बैठकीत एक ओळ वाढवावी: मुदत उलटलेली मुलं किती. त्या ओळीपुढे जबाबदार माणसाचं नाव यायला लागलं की फाईली पळतात. शेतसाऱ्याच्या पळतात, मग या का नाही पळणार?

आणि जे रांगेत आहेत त्यांना, त्या भाच्यालाही, हात जोडून एक विनंती. आज रात्री दोघं जण बसा आणि तो वयाचा रकाना पुन्हा उघडा. मोठं मूल घेणं सोपं आहे असं खोटं सांगणार नाही. सोपं नाही. पण कुणीतरी सहा वर्षांची पोर आत्ता कुठल्यातरी संस्थेत दुसऱ्याचा फ्रॉक घालून शाळेत जात असेल. तिला तुम्ही कसे दिसता, किती कमावता, काही फरक पडत नाही. जमणार असेल तरच करा. उपकार म्हणून करू नका, पोरं ते लगेच ओळखतात.

ही पोस्ट टाकायच्या आधी लेकीला वाचायला दिली. अकरा वर्षांची आहे, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध लिहिते. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. पोळ्यांचं ठेवू का विचारलं तर म्हणाली, "ठेव. दुसऱ्यांच्या बाबांना कळू दे."

मग बराच वेळ तो पंचेचाळीस महिन्यांचा हिशोब बघत बसली. शेवटी म्हणाली, "म्हणजे बाबा, मला चालायला यायचं तेव्हापासून ते काकांच्या सहीची वाट बघत होतो आपण?"

हो बाळा. तू तिकडे, आम्ही इकडे.

पटलं तर पुढे पाठवा. नाव न घालता पाठवलं तरी चालेल, अर्ज मात्र आपल्या नावाने करा.